प्रकल्प नोंदी : बुटीबोरीच्या सर्व्हरांच्या बॅकअपला जागा किती लागते

८ एप्रिल २०२४, सोमवार

बॅकअपचं नवीन स्टोरेज घ्यायचं ठरलं. कारखाना बुटीबोरी एमआयडीसीत, मुख्य ऑफिस नागपुरात शंकरनगर भागात, सर्व्हर सगळे बुटीबोरीला. सध्याचा डबा (बॅकअपच्या डिस्कचं यंत्र) जुना आहे. त्यात जेमतेम दहा दिवसांचं मागचं राहतं आणि जागा संपल्याचा मेल दर आठवड्याला येतोच. साहेबांची अट एकच: एकदा पैसे दिले की तीन वर्षं पुन्हा मागायचे नाहीत.

आज मोजदाद केली. ईआरपीचा (कारखान्याचे हिशेब-व्यवहार सांभाळणाऱ्या प्रणालीचा) डेटाबेस सर्व्हर २.४ टीबी (टेराबाइट, साधारण हजार जीबीचा एक), ड्रॉइंग आणि कागदपत्रांचा फाइल सर्व्हर ६.१, मेलचं अर्काइव्ह १.७, तपासणी यंत्राच्या फोटोंचा सर्व्हर ३.८, बाकी किरकोळ (पगार, हजेरी, वजनकाटा, डोमेन वगैरे) मिळून ३. एकूण १७. सीसीटीव्ही यात धरलेला नाही, त्याचं रेकॉर्डिंग त्याच्याच डब्यात फिरत राहतं आणि तसंच राहू द्यायचं.

एका विक्रेत्याचं कोटेशन आधीच आलंय: बारा टीबीच्या सहा डिस्क, रेड ५ (एक डिस्क बिघडली तरी डेटा वाचतो अशी मांडणी), ‘६० टीबी’. हिशेब असा की डेटा गुणिले तीन, वर थोडी जागा. साहेबांनी ते वाचून विचारलं, ‘‘सतराच टीबी हाय ना जी, मंग साठ कायले पायजे?’’ विक्रेत्याकडे याचं उत्तर नव्हतं. खरं तर माझ्याकडेही आज नाही. सतराला तीननं गुणायचं की सहानं, हे सतरा या आकड्यावरून कळतच नाही. रोज रात्री किती बदलतं आणि किती दिवस ठेवायचं, यावर सगळं आहे. यातलं पहिलं कोणी मोजलेलं नाही, दुसरं कोणी ठरवलेलं नाही.

एक गोष्ट आजच लिहून ठेवतो. डिस्कच्या खोक्यावरचा टीबी म्हणजे हजाराच्या पटीतला, विंडोजच्या स्क्रीनवर दिसतो तो १०२४ च्या पटीतला. एका टीबीमागे साधारण दहा टक्क्यांचा फरक पडतो. कोटेशनमधले ६० स्क्रीनवर ५४.६ दिसतील. वरची मोजदाद स्क्रीनवरची आहे. या नोंदींत जिथे खोक्यावरचा आकडा असेल तिथे तसं लिहीन.

१२ एप्रिल, शुक्रवार

मोजायला जागा हवी म्हणून स्टोअरमध्ये पडून असलेला सर्व्हर बाहेर काढला. त्यात जुन्या डिस्क टाकून खोक्यावरचे २४, म्हणजे स्क्रीनवरचे २१.८ टीबी झाले. त्याला रेड नाही. मोजण्यापुरता डबा आहे, यावर कोणी भरवसा ठेवू नये म्हणून वर कागद चिकटवलाय. खर्च शून्य.

पहिला फुल बॅकअप (सगळ्याची पूर्ण प्रत) कधी घ्यायचा हा प्रश्न. सर्व्हर रूममधली जोडणी एक गिगाबिटची, म्हणजे सेकंदाला फार तर ११० एमबी. सतरा टीबी जसाच्या तसा ओढला तर ४७ तास. कामाच्या दिवशी एवढा वेळ नेटवर्क अडवणं शक्य नाही. १९ तारखेला नागपूरचं लोकसभेचं मतदान आहे, कारखान्याला सुट्टी, पुढे शनिवार-रविवार. गुरुवारी रात्री सुरू करायचं.

२२ एप्रिल, सोमवार

व्हर्च्युअल सर्व्हर (एका मशीनवर सॉफ्टवेअरनं उभे केलेले अनेक) शनिवारी पहाटेपर्यंत उरकले. रखडला तो फोटो सर्व्हर. तो व्हर्च्युअल नाही, यंत्राच्या शेजारी ठेवलेलं खरंखुरं मशीन आहे आणि त्याचा बॅकअप फाइलनिहाय चालतो. लाखो छोट्या जेपीजी फाइल, प्रत्येक उघडा, वाचा, मिटा. वेग सेकंदाला ३० एमबीच्या वर गेलाच नाही. ३.८ टीबीला ३९ तास. उपाय सोपा होता: तिथे एजंट (बॅकअपचा छोटा प्रोग्रॅम) टाकून फाइलऐवजी अख्खा व्हॉल्यूम ब्लॉकनिहाय (डिस्कवरच्या तुकड्यांनुसार) वाचायला लावला. बदललेल्या ब्लॉकची नोंद एजंटच ठेवतो, त्यामुळे रोजची रात्रही हलकी झाली. एजंट टाकल्यावर मशीन एकदा रीस्टार्ट करावं लागतं. उत्पादन विभागानं त्यासाठी दोन शिफ्टच्या मधली वेळ दिली, तीही कुरकुरत.

कॉम्प्रेशन करून, म्हणजे दाबून, १७ चे झाले १३. विक्रेत्यानं निम्मं धरलं होतं. सर्व्हरनिहाय पाहिलं तर कारण दिसतं. फोटो ३.८ चे ३.७ झाले, कारण जेपीजी मुळातच दाबलेली असते. मेल १.७ चे १.४, फाइल सर्व्हर ६.१ चे ४.६, किरकोळ ३ चे १.६. ईआरपी २.४ चा १.७. इथे मी थांबलो. डेटाबेस एवढा कमी दबत नाही, एरवी सहज निम्म्याच्या खाली जातो. लिहून ठेवलं, पुढे गेलो.

आजपासून रोज रात्री इन्क्रिमेंटल, म्हणजे फक्त बदललेलं तेवढं. विक्रेत्याच्या हिशेबानं रोजचा बदल दोन टक्के, म्हणजे हा डबा महिनाभर तरी पुरायला हवा.

३ मे, शुक्रवार

डबा भरला. महिना सोडा, दोन आठवडेही झाले नाहीत.

रात्रीला सरासरी ७६० जीबी पडताहेत. सर्व्हरनिहाय फोडलं: फाइल सर्व्हर ४५, फोटो २५, मेल १०, किरकोळ ६०. हे सगळं मिळून १४०. उरलेले ६२० एकट्या ईआरपीचे. साडेसातशे लोकांच्या कारखान्यात एका दिवसात एवढ्या नोंदी होत नाहीत, होऊच शकत नाहीत.

डेटाबेस सांभाळणाऱ्या डीबीए भाऊंना बसवून त्यांच्या रात्रीच्या जॉबची (आपोआप चालणाऱ्या कामांची) यादी पाहिली. तिथे सगळं सापडलं.

एक: रात्री बारा वाजता डेटाबेसचा स्वतंत्र डंप (पूर्ण प्रत) त्याच सर्व्हरच्या ई ड्राइव्हवर पडतो. दाबलेला, ४२० जीबीचा, आणि असे तीन दिवसांचे तीन तिथे राहतात. म्हणजे २.४ टीबीतला १.२६ टीबी डेटा नाहीच, तो बॅकअप आहे. आणि आम्ही त्या बॅकअपचा रोज पुन्हा बॅकअप घेतोय. डंप रोज नवा, आधीच दाबलेला, त्यामुळे त्यावर ना कॉम्प्रेशन चालत ना डीडुप्लिकेशन (सारखा डेटा एकदाच ठेवणं). ईआरपी का दबत नव्हता तेही इथेच कळलं.

दोन: रात्री दोनला सगळ्या इंडेक्सची (डेटा झटकन शोधायच्या सूचींची) पुनर्बांधणी. डेटा तोच, पण डिस्कवर नव्या जागी लिहिला जातो. ब्लॉक मोजणाऱ्या बॅकअपला त्यातलं काही समजत नाही. ब्लॉक बदलला की उचलायचा, एवढंच त्याला ठाऊक. याचे दाबून १४० जीबी.

खरा बदल उरतो ६० जीबी.

भाऊंची बाजूही ऐकण्यासारखी आहे. मागच्या डब्यावर त्यांचा विश्वास नव्हता, एकदा रिस्टोअर फसलं होतं, म्हणून त्यांनी स्वतःची सोय करून ठेवली. ‘‘तुमचा बॅकअप चालते का नाही मले काय माहीत? माझा डंप तर माझ्यासमोर हाय.’’ यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

६ मे, सोमवार

तोडगा असा. डंप चालूच राहणार, पण वेगळ्या व्हर्च्युअल डिस्कवर, आणि ती डिस्क इमेज बॅकअपमधून वगळलेली. त्याऐवजी ट्रान्झॅक्शन लॉगचा (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाच्या नोंदीचा) बॅकअप दर पंधरा मिनिटांनी थेट बॅकअप सर्व्हरवर, दिवसाला साधारण २० जीबी. त्यामुळे बिघाड झाला तर फार तर पंधरा मिनिटांचं काम जाईल. आधी अख्ख्या दिवसाचं जाऊ शकत होतं. हे ऐकल्यावर भाऊ तयार झाले.

इंडेक्सची पुनर्बांधणी रोजऐवजी रविवारी, तीही ज्या इंडेक्सची खरोखर विस्कटलेली अवस्था आहे त्यांचीच. ईआरपी कोणाला मंद वाटला तर परत रोज करू, असं ठरलं.

चाचणीचा डबा पुसून परत पहिल्यापासून. नवा फुल ११.७ टीबी.

१४ मे, मंगळवार

किती दिवस ठेवायचं, यावर बैठक. हा भाग तांत्रिक नाही, पण सगळ्यात जास्त टीबी इथेच ठरतात.

अकाउंट्सचं म्हणणं: सगळंच आठ वर्षं ठेवा, कायदा आहे. कायदा पाहिला. कंपनी कायदा २०१३ चं कलम १२८ आठ आर्थिक वर्षांची अट घालतं ती हिशेबाच्या पुस्तकांना आणि त्यांच्या व्हाउचरना. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर हिशेबांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज असायला हवा. सीईआरटी-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सिस्टिमचे लॉग १८० दिवस. यातलं काहीही तपासणी यंत्राच्या फोटोंना लागू होत नाही आणि वजनकाट्याच्या सर्व्हरच्या विंडोज फोल्डरला तर नाहीच नाही. ईआरपीचा डेटाबेस दाबून ०.४ टीबी आहे. आठ वर्षांचे आठ म्हणजे ३.२. सगळंच ठेवलं तर ११.७ गुणिले आठ, साधारण ९४. हा फरक फळ्यावर लिहिल्यावर वाद मिटला.

फोटोंचं मात्र अडलं. गुणवत्ता विभाग म्हणतो ग्राहकांच्या करारात असेल तेवढं, आणि करार प्रत्येक ग्राहकाचा वेगळा. तो निर्णय त्यांनी लेखी द्यायचा, तोपर्यंत बाकीच्यांसारखंच.

ठरलं ते: डिस्कवर ३० दिवस रोजचं आणि तीन महिन्यांचं मासिक. बारा मासिक आणि आठ वार्षिक टेपवर (चुंबकीय फितीच्या कार्ट्रिजवर).

टेप म्हटल्यावर दोघं-तिघं हसले. पण ड्राइव्हमधून काढून कपाटात ठेवलेली टेप नेटवर्कवरून आलेला कोणताही रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) पुसू शकत नाही, आणि नुसती पडून असताना तिला वीज लागत नाही. हसणाऱ्यांकडे याहून स्वस्त पर्याय नव्हता.

३ जून, सोमवार

नवतपा, मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस. सर्व्हर रूमचा एक एसी शुक्रवारी दुपारी बसला. दुसऱ्यावर खोली ३१ वर गेली. कोणीतरी भल्या बुद्धीनं दारात मोठा कूलर आणून लावला, ताट्या ओल्या करून. तापमान दोन अंशांनी उतरलं आणि आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे गेली. कूलर लगेच हटवला. ज्यांना सर्व्हर रूमचा उन्हाळा निभवायचाय त्यांच्यासाठी: कोरड्या मे महिन्यात घरात कूलर उत्तम, डिस्क आणि टेपच्या खोलीत नको. भाड्यानं एक पोर्टेबल एसी आणला, मेकॅनिक दोन दिवसांनी उगवला.

आधी वाटलं आमचा तापमापकच बिघडला. दिवसही तसेच होते. ३० मेला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, आणि मग तो सेन्सरचा दोष निघाला. आमच्या खोलीत दुसरा मापक नेऊन ठेवला. आमचा बरोबर होता.

यावरून टेप कुठे ठेवायच्या हेही ठरलं. एलटीओ (आमच्या टेपचा प्रकार) टेप साठवायला १६ ते ३२ अंश आणि २० ते ८० टक्के आर्द्रता सांगितलेली असते, बरीच वर्षं ठेवायच्या असतील तर २५ अंशांच्या आत. मुख्य ऑफिसात संध्याकाळी सातला एसी बंद होतात. मे महिन्यात रात्री बंद कपाटात किती अंश होतात ते पाहिलं, आणि ते कपाट यादीतून काढलं. ज्या छोट्या खोलीत तिथले नेटवर्कचे स्विच आहेत तिचा एसी चोवीस तास चालतो. टेप तिथे.

७ जून, शुक्रवार

महिनाभराचं मोजमाप पूर्ण, मे महिन्याचं क्लोजिंगही (महिनाअखेरचे हिशेब बंद करणं) त्यात आलं. म्हणूनच थांबलो होतो. क्लोजिंगच्या आधी अकाउंट्सवाले ईआरपीची अख्खी प्रत टेस्ट कंपनी म्हणून काढतात. त्या एका रात्री ०.४ टीबी जादा. पंधरा ते तीस तारखेच्या मधलं मोजून गणित केलं असतं तर हे दिसलंच नसतं.

आता हिशेब. सगळे आकडे स्क्रीनवरचे टीबी.

पाया म्हणून एक फुल, ११.७. रोजचा बदल आता २०० जीबी, म्हणजे ०.२. दिवस ३० ठरलेत पण धरायचे ३७: इन्क्रिमेंटलची साखळी आठवड्याच्या फुलवर टेकलेली असते, पुढचा फुल येऊन जुनी साखळी पूर्ण मोकळी होईपर्यंत तिच्यातला एकही दिवस काढता येत नाही. ३७ गुणिले ०.२ म्हणजे ७.४. रविवारच्या इंडेक्सचे ०.७, लॉगचे ०.६, क्लोजिंगच्या प्रतीचे ०.४. तीन मासिकांचे ५.७. मासिक फुल प्रत्येकी ११.७ नाही, कारण लिनक्सच्या एक्सएफएस या फाइल सिस्टिममध्ये रीफ्लिंक ही सोय चालू ठेवली की न बदललेले ब्लॉक दुसऱ्यांदा लिहिले जात नाहीत. महिनाभरात खरोखर वेगळे झालेले ब्लॉक मोजले तर १.९ टीबी निघाले.

बेरीज २६.५.

वाढ: मागच्या तीन वर्षांच्या स्टोरेज रिपोर्टवरून वर्षाला साधारण २० टक्के. तीन वर्षांत १.७२८ पट, म्हणजे ४५.८. वर २० टक्के मोकळी जागा ठेवायची तर ५७.२.

ही २० टक्के जागा चैन नाही. साहेबांनी तिच्यावरच पहिली कात्री लावली होती, म्हणून कारण लिहितो. फाइल सर्व्हर आणि फोटो सर्व्हर एका रात्रीत रॅन्समवेअरनं एन्क्रिप्ट केले असं समजा. त्या रात्री बॅकअपच्या दृष्टीनं ९.९ टीबी बदललं आणि एन्क्रिप्ट झालेलं काहीही दबत नाही. तेवढी जागा नसेल तर ज्या दिवशी बॅकअप सगळ्यात जास्त हवा त्याच दिवशी डबा भरून जॉब बंद पडणार. ५७.२ मधली मोकळी जागा ११.४ आहे, म्हणजे आजच्या डेटाला पुरते.

खरेदी: बारा टीबीच्या आठ डिस्क, रेड ६ (दोन डिस्क बिघडल्या तरी डेटा वाचतो), खोक्यावर ७२, स्क्रीनवर ६५.५. एक डिस्क सुटी, कपाटात. विक्रेता शेवटपर्यंत रेड ५ म्हणत होता, एक डिस्क वाचते म्हणून. बारा टीबीची डिस्क सेकंदाला २०० एमबीच्या वेगानं भरायची तर कमीत कमी १७ तास, आणि त्या वेळात बॅकअपही चालू असणार. एवढा वेळ उरलेल्या सगळ्या डिस्कनी धड राहावं, या आशेवर मी सही करणार नाही.

जुनं कोटेशन इथे तपासून पाहिलं. डंप आणि रोजच्या इंडेक्ससह आमची गरज पहिल्याच वर्षी ४७ च्या वर होती. ५४.६ चा डबा दिवाळी पाहू शकला असता, होळी नाही.

२८ जून, शुक्रवार

सामान आलं. डब्बा, सर्व्हर आणि डिस्क मिळून जीएसटी धरून नऊ लाखांच्या आसपास, टेप ड्राइव्ह साडेचार लाखांच्या आसपास, टेप प्रत्येकी दहा हजारांच्या आत. मुख्य ऑफिसच्या दुसऱ्या प्रतीसाठी छोटा डबा वेगळा: बारा टीबीच्या सहा डिस्क, रेड ६, स्क्रीनवर ४३.७. तिथे फक्त ३० दिवस ठेवायचे असल्यानं तिसऱ्या वर्षाअखेरही १८ टक्के मोकळे राहतात.

टेप ड्राइव्ह सॅस नावाच्या जोडणीचा, सर्व्हरमध्ये बाहेर निघणारं सॅस कार्डच नाही. कोटेशनमध्ये कार्ड आणि केबल कुठेच लिहिलेली नव्हती. जोडणारा माणूस परत गेला. कार्ड यायला आठवडा. पुढच्यांनी ड्राइव्हसोबत कार्ड, केबल आणि एक क्लीनिंग कार्ट्रिज स्वतंत्र ओळींत लिहून घ्यावं.

बॅकअपचा सर्व्हर लिनक्सवर, डोमेनमध्ये (कंपनीच्या सामायिक लॉगिनमध्ये) नाही, फाइलींना १४ दिवसांचं कुलूप, त्या काळात रूटशिवाय (सर्वाधिकार असलेल्या खात्याशिवाय) कोणी पुसू शकत नाही आणि रूटचा पासवर्ड पाकिटात. एक जागा मात्र सुटत होती: सर्व्हरचं दुरून सांभाळायचं पोर्ट. तिथून आत शिरलं तर कुलूप वगैरे बाजूला राहतं, रेडच पुसता येतं. त्या पोर्टची केबल काढून ठेवली. लागेल तेव्हा बुटीबोरीपर्यंत गाडी काढू.

५ जुलै, शुक्रवार

दुसरी प्रत. बुटीबोरी ते ऑफिस १०० एमबीपीएसची लीज लाइन (भाड्यानं घेतलेली स्वतंत्र जोडणी). हाती सेकंदाला १० एमबी धरले. पहिला फुल लाइनवरून पाठवला असता तर १५ दिवस. म्हणून छोटा डबा आधी बुटीबोरीलाच मुख्य डब्याशेजारी लावून भरला, मग डिस्क काढून, क्रमांक घालून, फोममध्ये बांधून वर्धा रोडनं ऑफिसात. आता रोजचे २२० जीबी रात्री दहाला निघतात आणि पहाटे साडेचारच्या सुमारास पोचतात. ७६० जीबी असते तर त्याला पावणेतेवीस तास लागले असते, म्हणजे दुसरी प्रत कायमच एक दिवस मागे धावत राहिली असती. रविवारचे पावणेअकरा तास घेतात, पण रविवारी लाइन कोणी वापरत नाही.

ऑफिसात डबा तळघरात ठेवायचा, असं फार आधी ठरलं होतं. तिथे रॅक आहे, जागा रिकामी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीचं पाणी आजूबाजूच्या वस्त्यांत शिरलं, तेव्हा आमच्या तळघरातही शिरलं होतं. रॅकच्या पायांवर तो डाग अजून आहे. तरी नकाशात ‘डीआर रूम : तळघर’ (डीआर म्हणजे आपत्तीत वापरायची जागा) असंच छापलेलं होतं, कारण नकाशा आधीचा. डबा दुसऱ्या मजल्यावर, टेपच्याच खोलीत. दोन्ही जागा एकाच शहरात आहेत हे खरंच, म्हणून वार्षिक टेपची एक जादा प्रत पुण्याच्या शाखेत जाणार.

१२ जुलै, शुक्रवार

टेपची पहिली रात्र. टेप घातली, सॉफ्टवेअर गप्प. अर्धा तास झाला तरी ‘तयार होत आहे’. ड्राइव्ह बंद करून पुन्हा चालू करण्यापर्यंत हात गेला होता. एलटीओ-९ ची कोरी टेप पहिल्यांदा आत गेली की ड्राइव्ह तिची स्वतःशी जुळणी करतो, साधारण ४० मिनिटं, कधी दोन तासही. एकदाच. ते मधेच तोडायचं नाही. नव्या टेप दिवसा एकेक घालून तयार करून ठेवल्या तर रात्रीचा वेळ जात नाही.

टेपच्या वेष्टनावर ४५ टीबी लिहिलंय. ते अडीच पट दबेल असं धरून. आमचा डेटा आधीच दाबलेला येतो, म्हणून १८ धरायचे. ११.७ स्क्रीनवरचे म्हणजे खोक्यावरचे १२.९, एका टेपमध्ये बसतं. तिसऱ्या वर्षी २२.२ होतील, तेव्हा महिन्याला दोन टेप. बजेटमध्ये आजच लिहिलं.

४०० एमबीच्या पूर्ण वेगानं नऊ तास व्हायला हवे होते, लागले चौदा. त्याच वेळी डिस्कवर आठवड्याच्या फुलची जुळवाजुळव चालू होती. टेपचा जॉब शनिवारी सकाळी ढकलला.

२० जुलै, शनिवार

धुवाधार पाऊस, कारखान्यात माणसं कमी. रिस्टोअर करून पाहायला बरा दिवस.

ईआरपीचा डेटाबेस परत आणायचा. जागा १.१४ टीबी. मुख्य स्टोरेजवर मोकळे ०.६. म्हणजे सर्व्हर मेला असता तर बॅकअप हातात असूनही तो ठेवायला जागा नव्हती. साडेतीन महिने आम्ही सगळे बॅकअपची जागा मोजत होतो, रिस्टोअरच्या जागेची ओळ कोणत्याच एक्सेलमध्ये नव्हती. चाचणीच्या जुन्या डब्यावर उतरवला. एक गिगाबिटवरून सव्वातीन तास, त्यावर लॉग चढवायला आणि डेटाबेस तपासायला दीड. साहेबांना कोणीतरी ‘तासाभरात उभं करतो’ असं सांगून ठेवलं होतं.

त्यावर दोन गोष्टी मंजूर करून घेतल्या. बॅकअप सर्व्हरमध्येच चार टीबीच्या दोन एसएसडी, मिररमध्ये (दोन्हींवर तेच), फक्त रिस्टोअरसाठी, तिथे बॅकअप लिहायचा नाही. आणि बॅकअप सर्व्हर ते मुख्य स्टोरेज दहा गिगाबिटची जोडणी. मिळून सव्वा लाखाच्या आसपास. पहिल्याच मागणीत हे घातलं असतं तर सही एकाच वेळी झाली असती, आता फाइल पुन्हा तीन टेबलांवरून फिरली.

डीबीए भाऊंनी रिस्टोअर झालेल्या डेटाबेसमध्ये स्वतः आदल्या संध्याकाळची व्हाउचर काढून पाहिली. जाताना म्हणाले, डंप तीन दिवसांऐवजी एकच दिवस ठेवला तरी चालेल. ०.८४ टीबी मुख्य स्टोरेजवर मोकळे झाले.

३० ऑगस्ट, शुक्रवार

मुख्य डबा २५.३ टीबीवर. अंदाजानं आज २४.६ असायला हवा होता. फरक शोधला: ड्रॉइंग विभागानं जुन्या कॉम्प्युटरांवरची ड्रॉइंग ऑगस्टमध्ये फाइल सर्व्हरवर आणली. ती वाढ एकदाचीच आहे.

एसएसडी आणि दहा गिगाबिट लागल्यावर तोच डेटाबेस पस्तीस मिनिटांत उतरला, तपासणीचा दीड तास तेवढाच आहे. साहेबांना सांगायचा आकडा आता सव्वादोन तास.

फोटोंचं लेखी उत्तर गुणवत्ता विभागाकडून अजून आलेलं नाही. दरम्यान त्यांच्याकडे तीन कॅमेऱ्यांचं नवं तपासणी यंत्र यायचंय, सध्याच्याला एकच आहे. फोटोंची वाढ तिप्पट धरली तर २० टक्क्यांचं गणित फोटो सर्व्हरपुरतं मोडतं. यंत्र पुरवणाऱ्याला एका फोटोचा आकार आणि शिफ्टमधले फोटो किती, एवढे दोनच आकडे विचारलेत. ते आल्याशिवाय त्या यंत्राच्या खरेदीवर आयटीची सही होणार नाही, असं फाइलवर लिहून दिलंय.